औषधं समोर ठेवायची की आड? दोघांना पटेल अशी घरातल्या औषधांची मांडणी

"नजरेसमोर असली तरच लक्षात राहतात," असं एकाचं म्हणणं. "नजरेसमोर असली की पोरीच्या हातात जातात," असं दुसऱ्याचं. औषधांच्या डब्यावरून नवरा-बायकोत होणारा वाद बहुतेक घरांत या दोन वाक्यांतच असतो. मी ठाण्यात मेडिकलच्या काउंटरवर फार्मासिस्ट म्हणून काम करते. दोघं मिळून औषध घ्यायला आली की हा वाद कधी कधी काउंटरवरच सुरू होतो आणि निवाडा माझ्याकडे मागितला जातो. मला कुणा एकाची बाजू घेता येत नाही, कारण दोघंही बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या औषधांबद्दल. बीपीची रोजची गोळी समोर हवी. मुलीच्या तापाचं पातळ औषध आड हवं. वाद पेटतो तो घरातल्या झाडून सगळ्या औषधांना एकच जागा द्यायची असं दोघांनीही गृहीत धरलेलं असतं म्हणून. तेवढं गृहीत सोडून दिलं की पुढचं काम एका रविवारच्या दुपारचं आहे.

डबा उघडण्याआधी बोलून घ्या

डबा विकत आणण्याआधी आणि एकही स्ट्रिप हलवण्याआधी दोघांनी एकमेकांना एवढंच विचारायचं: तुला नेमकी भीती कशाची आहे? उत्तरं साधी असतात. "आईंची संध्याकाळची गोळी चुकते." "रात्री दोन वाजता ताप मोजून झाल्यावर बाटली सापडत नाही." "पैसे घालून आणलेलं औषध न वापरता फेकावं लागतं." ही उत्तरं कागदावर लिहा. जागेचा हट्ट वाटत होता तो बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या घाबरगुंडीतून आलेला असतो, आणि ती घाबरगुंडी कळली की समोरच्याचा सूर उतरतो.

माझं एक ठाम मत इथेच सांगते. रोज औषध काढून देणारा हात ज्याचा आहे, रोजच्या औषधांची जागा त्याने ठरवावी. बऱ्याच घरांत तो हात बाईचा असतो आणि मांडणी मात्र हौसेने दुसरंच कुणीतरी बदलून ठेवतं. पण मुलांच्या किंवा वयस्कांच्या सुरक्षिततेबद्दल दोघांपैकी एकालाही धास्ती वाटत असेल, तर त्या बाबतीत धास्ती वाटणाऱ्याचं ऐकायचं. तिथे घासाघीस नको.

सगळं बाहेर काढा, अगदी सगळं

पलंगावर किंवा सतरंजीवर जुनी चादर अंथरा आणि घरभर फिरा. फ्रीजचं दार, स्वयंपाकघरातला खण, बेसिनवरचं आरशाचं कपाट, टीव्हीखालची जागा, दोघांच्या ऑफिसच्या बॅगा, पर्स, गाडीचा डॅशबोर्ड, प्रवासाची पिशवी, आजी-आजोबांच्या उशाजवळचा डबा. देव्हाऱ्याजवळचा कापूर आणि कपाटातल्या डांबरगोळ्याही याच फेरीत बघून ठेवा. त्यांच्याबद्दल पुढे बोलू.

कोपरखैरण्याच्या एका जोडप्याने हा सगळा ऐवज कापडी पिशवीत भरून माझ्यापुढे आणून ठेवला होता. सिडकोचं जुनं घर, दोघं, त्यांची लहान मुलगी आणि नवऱ्याची आई. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात स्ट्रिपा उभ्या कोंबलेल्या. एका सिरपचं झाकण साखरेने असं चिकटलं होतं की त्याला ते फिरवता येईना. एका स्ट्रिपच्या दोनच गोळ्या उरल्या होत्या आणि नाव, तारीख सगळं कात्रीने गेलेलं. तापाची गोळी तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी आणलेली होती, कारण घरात आधीची आहे हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. बायको एक स्ट्रिप बाजूला ठेवत म्हणाली, "ही तापाची नाही रे, सर्दीची आहे." मी ती उलटी करून मागची बारीक अक्षरं दाखवली. त्यातही पॅरासिटामोल ५०० होतं.

इथेच मांडणीचा पाया आहे. औषधं कंपनीच्या नावाने लावू नका, घटकाच्या नावाने लावा. स्ट्रिपच्या मागे किंवा मोठ्या नावाच्या खाली घटक आणि त्याचं प्रमाण छापलेलं असतं. क्रोसिन, डोलो, कॅलपोल या तिन्हींच्या साध्या गोळीत घटक एकच, पॅरासिटामोल. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच असतं. हिशेब करून बघा: ६५० ची गोळी दिवसातून चारदा म्हणजे २६०० मिलिग्रॅम, वर सर्दीची ५०० वाली तीनदा म्हणजे १५००. बेरीज ४१०० झाली. निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० धरतात. यकृताचा त्रास, कमी वजन किंवा रोजची दारू असेल तर ती आणखी खाली येते. नवऱ्याने एक दिली, बायकोने दुसरी दिली, दोघांनीही काळजीपोटीच दिली, आणि मर्यादा ओलांडली गेली. जनऔषधी केंद्रातून आणायला लागल्यापासून घटक वाचण्याची गरज आणखी वाढली आहे, कारण तिथल्या पाकिटावर ओळखीचं नाव नसतंच.

म्हणून चादरीवर ढीग करा ते घटकाप्रमाणे. पॅरासिटामोल असलेलं सगळं एका जागी, ॲलर्जीच्या गोळ्या एका जागी, आम्लपित्ताच्या एका जागी. अक्षरं फार बारीक असतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड आला आहे. तो स्कॅन केला की घटक, बॅच आणि मुदत दिसते.

काय ठेवायचं, काय काढायचं

"अजून महिना आहे की!" आणि "काढून टाक एकदाचं!" हा दुसरा वाद. यात भावनेपेक्षा नियम बरा.

वेष्टनावर फक्त महिना आणि वर्ष असेल, तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत वापरता येतं. मात्र ही मुदत बंद वेष्टनाची असते. डोळ्यांच्या थेंबांची बाटली उघडल्यावर साधारण चार आठवड्यांनी टाकायची, छापलेली तारीख दोन वर्षं पुढची असली तरी. पाण्यात कालवून तयार करायच्या मुलांच्या अँटिबायोटिकवर कालवल्यानंतरचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचं कालवलेलं औषध फ्रीजमध्ये ठेवून ७ दिवसांत संपवायचं असतं. ओआरएसचं पाणी २४ तासांनंतर ओतून द्यायचं. त्यामुळे बाटली उघडली की लगेच पेनाने तिच्यावर तारीख घाला. हे काम ज्याने उघडली त्याचं.

नाव किंवा तारीख नसलेली प्रत्येक सुटी गोळी काढून टाका. "ही बहुतेक पित्ताची आहे" यातल्या 'बहुतेक'वर कुणाला गोळी देऊ नये. पुढच्या वेळी आम्हाला सांगा की मुदत छापलेलं टोक शाबूत ठेवून दुसऱ्या बाजूने कापा. तसं कापून देता येतं. बिलावर बॅच आणि मुदत असते, त्याचा फोटो काढून ठेवला तरी चालतं. अखंड स्ट्रिप असेल आणि बिल असेल, तर बरेच मेडिकलवाले उरलेलं औषध परत घेतात, पण औषध विकत घेतानाच तसं विचारून ठेवा. फ्रीजमधलं औषध परत घेत नाहीत, कारण तुमच्या घरी ते कसं राहिलं हे आम्हाला कळायला मार्ग नसतो.

उरलेली अँटिबायोटिक्स हा काटकसरीचा विषयच नाही. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितलेल्या कोर्समधल्या चार गोळ्या उरल्या असतील, तर मुळात कोर्स अर्धवट राहिला, आणि पुढच्या घशाच्या दुखण्याला त्या चार पुरणारही नाहीत. स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसली की ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढं दोघांनी पक्कं करा. लहान मुलांचं जुनं खोकल्याचं औषधही काढा. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत असं कळवलं आहे. नायमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंद आहे, तरी जुन्या सवयीने ते "जोरदार तापाचं" म्हणून कुठल्यातरी घरात असतंच.

आता जागा

उरलेल्या औषधांचे कामाप्रमाणे भाग करा: रोजची, अडीअडचणीची, तातडीची. फ्रीजमधली चौथी. प्रत्येकाला वेगळी जागा मिळाली की समोर आणि आड हे दोन्ही साधतं.

रोजची औषधं ती ज्या सवयीला जोडलेली आहेत तिच्याजवळ ठेवा. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, म्हणजे पलंगाजवळ पाण्याच्या तांब्यापाशी. जेवणानंतरची असेल तर जेवणाच्या टेबलाजवळच्या कपाटात. अट एकच: एका आठवड्याच्यावर साठा समोर नको. बाकीचा महिन्याचा साठा आड जाऊ दे. घरात लहान मूल असेल तर तो आठवडाभराचा साठाही टेबलावर नको, उंचावरच्या फळीवर ठेवा. तिथे आठवण करून द्यायचं काम मोबाइलच्या अलार्मला द्या.

अडीअडचणीची म्हणजे तापाची, पोटाची, ॲलर्जीची, मलमं आणि ड्रेसिंगचं सामान. याचा एकच डबा, कडीचा, बेडरूमच्या कपाटात मधल्या किंवा वरच्या कप्प्यात. बेडरूमच का, तर आपल्याकडची हवा. जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईत भिंतीसुद्धा ओल धरतात. त्यात ओट्यावर कुकरची वाफ आणि बाथरूममध्ये आंघोळीची वाफ. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या ओल शोषून फुटतात आणि त्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो वास आला की ती स्ट्रिप गेली. कॅप्सूल मऊ पडून एकमेकींना चिकटतात. फ्रीजच्या डोक्यावर जागा मोकळी दिसते, पण तिथे ऊब असते. गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच. बहुतेक गोळ्यांवर "२५ अंशांखाली" किंवा "३० अंशांखाली ठेवा" असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात ठाण्याचा पारा त्याच्या बराच वर जातो, म्हणून पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळून घरातल्या आतल्या भिंतीचं कपाट निवडा. तळमजल्यावर राहत असाल तर सर्वांत खालचा खण पावसाळ्यापुरता तरी रिकामा ठेवा.

"मग सगळंच फ्रीजमध्ये टाकू" हा तोडगा बरेच नवरे सुचवतात. तो नको. थंड गोळी बाहेर काढली की दमट हवेत तिच्यावर पाणी धरतं. फ्रीजमध्ये जायचं ते फक्त ज्याच्यावर "२ ते ८ अंश" लिहिलं आहे ते. न उघडलेलं इन्सुलिन मधल्या फळीवर, झाकणाच्या डबीत ठेवा. दारात नाही, कारण दार सतत उघडतं. फ्रीझरच्या कप्प्याला टेकवून नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी टाकूनच द्यायचं. वापरात असलेलं पेन बहुधा चार आठवड्यांपर्यंत बाहेर चालतं, तुमच्या पेनचं पत्रक बघून नक्की करा आणि सुरू केल्याची तारीख त्यावर लिहा. वीज गेली तर फ्रीज सारखा उघडून बघू नका.

तातडीच्या औषधांना कुलूप नको. दम्याचा पंप, डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी यांची जागा उंच, पण उघडी आणि कायमची. अंधारातही हात गेला पाहिजे. दोघांपैकी कुणीही "नीट लावताना" ती जागा बदलायची नाही.

मुलं आणि आजी-आजोबा

ज्या घरात दोन्ही आहेत तिथे वाद जास्त टोकदार होतो, आणि तो व्हायलाच हवा. शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की एखादीसुद्धा चिमुरड्याच्या रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली नेते. गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या लाल, गुळगुळीत, मुलांना चॉकलेटसारख्या वाटणाऱ्या. त्या मूठभर गेल्या तर जीवावर बेततं. कापराची वडी खडीसाखरेसारखी दिसते आणि पोटात गेली तर मुलाला झटके येऊ शकतात. म्हणून देव्हारा खाली असेल तर कापराची डबी वरच्या फळीवर न्या. डांबरगोळ्याही तशाच. आणि सुट्टीत राहायला आलेल्या आजीची पिशवी पलंगावर उघडी राहते, हा धोका कुणाच्या लक्षात येत नाही. "आई, तुमची औषधांची पिशवी मी वर ठेवते, मागाल तेव्हा काढून देते," एवढं आल्या दिवशीच सांगा. सासूला हे सुनेने सांगण्यापेक्षा मुलाने सांगितलं तर बरं, आणि ज्याचे आई-वडील आहेत त्याने सांगावं हा नियम सगळ्याच घरांत उपयोगी पडतो.

मुलांच्या पातळ औषधात आणखी एक फसगत आहे. पॅरासिटामोलच्या थेंबांत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात. साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२०, म्हणजे १ मिलिलिटरला २४. थेंब सिरपच्या चौपटीहून तीव्र. २५० वालं सिरप त्या दोन्हींच्या मधलं. या तिन्ही बाटल्या एका घरात एकत्र नकोतच. डॉक्टरांनी मुलाच्या वजनावरून सांगितलेली एकच ठेवा. तिचं मोजायचं झाकण किंवा पिचकारी रबराने बाटलीलाच बांधा. घरातल्या चमच्याने मोजू नका, प्रत्येक चमचा वेगळा असतो.

आठवड्याची डबी: गोळ्या सोलून भराव्यात की नाही

सात कप्प्यांची डबी हा नीटनेटकं आवडणाऱ्याचा विजय आणि स्ट्रिप जपणाऱ्याचा पराभव समजला जातो. माझ्या मते वयस्कांसाठी डबी चांगलीच, पण काही बंधनांसह. एका वेळी एकाच आठवड्याची भरा. थायरॉइडच्या गोळ्या त्यांच्या बाटलीतच राहू द्या. पाण्यात विरघळणाऱ्या आणि दोन्ही बाजूंनी जाड चंदेरी वेष्टनात येणाऱ्या गोळ्या आधीच सोलून ठेवू नका, कारण ते वेष्टन ओलीसाठीच असतं. आणि स्ट्रिपचे एकेक गोळीचे तुकडे कापून डबीत टाकू नका. नजर अधू झालेल्या माणसाने तो तुकडा वेष्टनासकट गिळल्याचे प्रकार घडतात, आणि धारदार कडांनी अन्ननलिकेला इजा होते.

"तू दिलीस का?" "मला वाटलं तू दिलीस." यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. गोळी दिली की त्या तारखेच्या चौकटीत खूण. ज्याने दिली त्याने करायची, नंतर करू म्हणून सोडायची नाही.

चिठ्ठ्या आणि यादी

डब्यावर लेबल मराठीत, मोठ्या अक्षरात: ताप, पोट, ॲलर्जी, जखम. घरी मदतीला येणाऱ्या मावशींनाही वाचता यायला हवं. डब्याच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवा: औषधाचं नाव, घटक, कुणासाठी, कशासाठी, मुदत. त्याचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या, म्हणजे मेडिकलमध्ये उभं राहून "घरी आहे का बघ गं" असा फोन करावा लागत नाही. रिकामी खोकी ठेवायची की नाही, यावर माझं उत्तर: डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन आणि उजेडापासून जपायला सांगितलेल्या बाटल्यांची ठेवा, बाकीची फेका. आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिक औषधं वेगळ्या डब्यात. होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोड गोळ्या मुलांना हातावर देऊन "खाऊ" म्हणून सवय लावू नका.

तपासणी वर्षातून दोनदा पुरते, पाऊस सुरू होण्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत. एकदा एकाने करायची, पुढच्या वेळी दुसऱ्याने, म्हणजे डब्यात काय आहे ते दोघांनाही माहीत राहतं.

टाकून द्यायचं कुठे

मुदत संपलेली औषधं २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. म्हणजे ती ओल्या-सुक्यात मिसळायची नाहीत आणि सरसकट बेसिनमध्ये ओतायचीही नाहीत. गोळ्या स्ट्रिपमधून काढा, वापरलेल्या चहापावडरीत किंवा मातीत मिसळा, घट्ट पिशवीत बांधा, बाहेर "जुनी औषधं" असं लिहा आणि घातक कचऱ्यात वेगळी द्या. बाटलीवरचं रुग्णाचं नाव खोडा. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून झाकण चिकटपट्टीने बंद करा. सुटी सुई कचरा वेगळा करणाऱ्या माणसाच्या हातात घुसते, आणि त्या माणसाला ती कुणाची होती हे कधीच कळत नाही.

मुलाने काही गिळल्याची शंका आली तर उलटी काढायच्या मागे लागू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट जवळचं हॉस्पिटल गाठा आणि स्ट्रिप किंवा बाटली सोबत न्या, रिकामी असली तरी.

गणपतीला गावी जाताना

सगळी मांडणी बिघडते ती इथे. कोकणात जायच्या आदल्या रात्री घाईघाईत डबाच उचलून बॅगेत जातो आणि परत आल्यावर महिनाभर बॅगेतच राहतो. प्रवासासाठी छोटी झिपची पिशवी वेगळी करा: रोजच्या गोळ्या मुक्कामाच्या दिवसांहून तीन-चार दिवस जास्तीच्या, ओआरएस, तापाची एकच स्ट्रिप, मुलाची बाटली मोजमापासह, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. ही पिशवी बसच्या डिकीत नाही, हातात. गावच्या घरी पोरंटोरं जमतात, म्हणून ती खुंटीला टांगून ठेवू नका, कुलपाच्या कपाटात ठेवा. परत आलात की कपडे धुवायला टाकायच्या आधी ती रिकामी करा आणि उरलेलं डब्यात आपापल्या घटकाच्या जागी लावा.